दोन डोळे, एक दृष्टी

मुलांचा तिरळेपणा हा चेहऱ्याचा नव्हे, तर दृष्टीचा प्रश्न आहे, हे एकोणिसाव्या शतकात ठामपणे मांडणाऱ्या डॉ. एमिल जावाल यांची ही जीवनकथा. खाणकामाचे शिक्षण घेतलेला हा फ्रेंच गृहस्थ घरातल्या तिरळेपणामुळे नेत्रवैद्यकाकडे वळला, बहिणीच्या डोळ्यांवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली आणि अखेर स्वतःच दृष्टी गमावून बसला.

कर्जत सोडून खोपोलीकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती पळसदरीला. पुण्याकडे जाणारी मुख्य लाईन याच परिसरातून बोरघाट चढू लागते. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची मंडळी येथे गर्दी करतात. ओढ्यातल्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय टाकताना पुढचा दगड नेमका किती अंतरावर आहे, याचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. डोळे आणि मेंदू मिळून तो क्षणात करतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे उजव्या आणि डाव्या डोळ्याला दिसणारी चित्रे किंचित वेगळी असतात. मेंदू ती एकमेकांत मिसळतो आणि त्या मिलाफातून जवळच्या वस्तूंची खोली आपल्याला जाणवते.

ज्या मुलाचा एक डोळा समोर आणि दुसरा भलतीकडे पाहतो, त्याच्या बाबतीत हा मिलाफ घडत नाही. ते मूल सवयीने आणि अंदाजाने आपले काम भागवते. त्यामुळे त्याचे काही अडते आहे, असे घरच्यांना वाटतही नाही. शाळेतली मुले मात्र त्याला 'चकणा' म्हणून हाक मारू लागतात. घरातली वडीलधारी मंडळी कधी तिरळेपणा भाग्याचा असतो म्हणून समाधान मानतात, तर कधी मोठेपणी आपोआप सरळ होईल म्हणून वाट पाहतात. मुलगी असेल तर लग्नाच्या वेळी बघू, असा विचार होतो. या साऱ्या बोलण्यात चर्चा होते ती मुलाच्या दिसण्याची. त्याला काय आणि कसे दिसते, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही.

नेमका हाच प्रश्न एमिल जावाल यांनी विचारला. आज नेत्रवैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव बुबुळाचा बाक मोजणाऱ्या यंत्रामुळे ठाऊक असते. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग तिरळेपणाच्या अभ्यासात गेला आणि त्या अभ्यासाची सुरुवात झाली ती त्यांच्या स्वतःच्या घरात.

घरातलाच प्रश्न

लुई एमिल जावाल यांचा जन्म ५ मे १८३९ रोजी पॅरिस येथे झाला. अल्सास प्रांतातून आलेले हे ज्यू घराणे श्रीमंत आणि प्रतिष्ठित होते. वडील लेओपोल्ड जावाल हे बँकर आणि उद्योजक होते. योन या विभागातून ते फ्रान्सच्या कायदेमंडळावर निवडून गेले होते. घरात पैशाची, पुस्तकांची आणि ओळखीपाळखीची कमतरता नव्हती. कमतरता होती ती वेगळीच. वडिलांचा डोळा तिरळा होता आणि एमिल यांची बहीण सोफी हिलाही तोच दोष होता. स्वतः एमिल यांना बुबुळाच्या असमान बाकामुळे होणारा दृष्टिदोष होता. एकाच घरात डोळ्यांच्या इतक्या तक्रारी असल्यावर त्या घरातील बुद्धिमान मुलाचे लक्ष तिकडे वळावे, यात नवल नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की, एमिल जावाल जन्मले त्याच वर्षी तिरळेपणाच्या उपचारांत मोठी क्रांती झाली. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमधील शल्यविशारद योहान फ्रीडरिश डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या एका तिरळ्या मुलाच्या डोळ्याचा स्नायू कापून डोळा सरळ केला. प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या ओढीवर फिरतो. त्यांपैकी नाकाकडचा स्नायू जास्त ओढत असेल, तर तो तोडला की डोळा मध्यावर येईल, असा तो सरळ हिशेब होता. ही बातमी युरोपभर पसरली आणि गावोगावचे शल्यविशारद तिरळे डोळे कापू लागले. भूल देण्याचे तंत्र तेव्हा अजून यायचे होते. ते १८४६ मध्ये आले. तरीही लोक रांगा लावत, कारण काही मिनिटांत डोळा सरळ होण्याचा तो चमत्कार होता.

पण हा चमत्कार अनेकदा टिकत नसे. स्नायू पूर्ण तोडल्यामुळे आत वळलेला डोळा कालांतराने उलट बाहेरच्या बाजूला वळे. काहींचा डोळा तिकडून परत फिरेनासा होई. शिवाय डोळा वरवर सरळ झाला तरी रुग्णाच्या पाहण्यात फरक पडलेला नसे. दोन डोळे समोर रोखलेले असूनही तो एकाच डोळ्याने पाहत राही. जावाल यांना हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा वाटला. अविचाराने होणाऱ्या या कापाकापीविरुद्ध त्यांनी आयुष्यभर कडक शब्दांत लिहिले. आपल्या बहिणीवर ती वेळ येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती.

खाणीकडून डोळ्यांकडे

जावाल यांनी सुरुवातीला पॅरिसच्या खाणकाम विद्यालयातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. गणित, यंत्रे आणि मोजमाप यांत त्यांना गोडी होती. ती त्यांनी पुढे कधीच सोडली नाही. मात्र दृष्टिविज्ञानाच्या ओढीने ते वैद्यकाकडे वळले. त्या काळी डोळ्याविषयीचे नवे ज्ञान प्रामुख्याने जर्मन भाषेत तयार होत होते. हेरमान फोन हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहता येईल असे उपकरण १८५१ मध्ये जगासमोर ठेवले होते. दृष्टीच्या भौतिकीवर त्यांनी लिहिलेला भलाथोरला ग्रंथ या विषयाचा पाया मानला जात होता. जावाल यांनी क्लाइन या सहकाऱ्यासोबत त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले. ते १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. बर्लिनमध्ये त्यांनी आल्ब्रेश्ट फोन ग्रेफे या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ नेत्रवैद्याच्या हाताखाली शिक्षण घेतले. १८६८ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय अर्थातच तिरळेपणा हा होता.

याच सुमारास हॉलंडमधील फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांनी एक महत्त्वाची गोष्ट उलगडून दाखवली होती. १८६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी आत वळणारा डोळा आणि प्लस नंबर यांचा संबंध स्पष्ट केला. ज्या मुलाला प्लस नंबर असतो त्याला स्वच्छ दिसण्यासाठी डोळ्याच्या भिंगावर सतत ताण द्यावा लागतो. जवळचे पाहताना हा ताण आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळणे या दोन क्रिया निसर्गतःच जोडलेल्या असतात. ताण जास्त झाला की डोळाही जास्त वळतो. अशा मुलाला योग्य चष्मा दिला की ताण सैल होतो आणि कित्येकदा डोळा शस्त्रक्रियेविना सरळ होतो. आजही दोन-तीन वर्षांच्या मुलाचा डोळा आत वळू लागला की नेत्रतज्ज्ञ आधी औषधाचे थेंब टाकून नंबर तपासतात, त्यामागे हेच सूत्र आहे. एवढ्या लहान मुलाला चष्मा कशाला, असे म्हणून तो चष्मा कपाटात ठेवणारे पालक आपल्या मुलाचे केवढे नुकसान करतात, हे यावरून लक्षात यावे.

सोफीचे धडे

जावाल यांनी हे ज्ञान आत्मसात केले आणि त्यापुढची पायरी गाठली. डोळा सरळ करणे ही अर्धी गोष्ट झाली. दोन्ही डोळ्यांना एकत्र काम करायला शिकवणे ही उरलेली अर्धी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी जे साधन निवडले ते त्या काळी पॅरिसच्या दिवाणखान्यांत करमणुकीचे खेळणे म्हणून पडून असे.

ते साधन म्हणजे स्टिरिओस्कोप. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये त्याचे वर्णन केले होते. दोन डोळ्यांपुढे किंचित वेगळी अशी दोन चित्रे ठेवायची, म्हणजे पाहणाऱ्याला त्यांतून एकच उठावदार चित्र दिसते. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर हे खेळणे घरोघर पोहोचले होते. जावाल यांच्या लक्षात आले की, तिरळ्या माणसाचा मेंदू नेमके काय करतो, हे या खेळण्यातून तपासता येईल आणि कदाचित बदलताही येईल.

तिरळ्या डोळ्यातून येणारे चित्र भलत्याच दिशेचे असते. ते जमेस धरले तर प्रत्येक वस्तू दोनदा दिसेल. लहान मुलाचा मेंदू हा गोंधळ टाळण्यासाठी त्या डोळ्याचे म्हणणे ऐकणेच सोडून देतो. ही क्रिया जावाल यांनी बारकाईने अभ्यासली आणि तिला नाव दिले. मेंदूने बाजूला सारलेला डोळा हळूहळू मंद होत जातो. आज ज्याला 'आळशी डोळा' म्हणतात तो हाच. म्हणून पहिली पायरी अशी की, चांगला डोळा झाकून मंद डोळ्याला पाहायला भाग पाडायचे. चांगला डोळा झाकण्याची कल्पना जुनी होती. फ्रान्समधलेच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ यांनी १७४३ मध्ये ती मांडली होती. जावाल यांनी तिला शिस्त आणली. डोळ्यावर बसणारी झाकणी वापरून त्यांनी उपचाराची एक पद्धतशीर मालिकाच तयार केली.

दुसरी पायरी स्टिरिओस्कोपची. त्यात ठेवायची चित्रे त्यांनी स्वतः आखली. उजव्या डोळ्याला एक ठिपका, डाव्या डोळ्याला दुसरा आणि दोघांना समान असे एखादे अक्षर, अशा साध्या पत्त्यांपासून सुरुवात होई. दोन्ही ठिपके एकाच वेळी दिसले, तर दोन्ही डोळे जागे आहेत असे समजायचे. मग ती चित्रे थोडी थोडी सरकवून डोळ्यांना एकत्र यायला लावायचे. जमले की पुढचा, जरा कठीण पत्ता. सोफीवर हा प्रयोग सुरू झाला आणि तो दिवसांचा किंवा महिन्यांचा नव्हे, तर वर्षांचा ठरला. कधी प्रगती होई, कधी मेंदू पुन्हा जुन्या सवयीवर जाई. भाऊ चिकाटीने चित्रे बदलत राहिला आणि बहीण तितक्याच चिकाटीने ती पाहत राहिली.

तिसरी पायरी वाचनाची. ती इतकी साधी आहे की आजही तिचा उपयोग होतो. पुस्तक आणि डोळे यांच्या मध्ये एक काठी किंवा पेन्सिल उभी धरायची. दोन्ही डोळे काम करीत असतील तर एका डोळ्याला झाकला गेलेला शब्द दुसऱ्याला दिसतो आणि वाचन न अडखळता चालते. एकच डोळा काम करीत असेल, तर प्रत्येक ओळीत काही अक्षरे पेन्सिलीआड जातात आणि वाचणारा थबकतो. रुग्णाला स्वतःची फसवणूक करता येऊ नये, अशी ही युक्ती होती.

या साऱ्या अनुभवाचे सार जावाल यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिरळेपणावरील आपल्या पुस्तकात मांडले. प्रबंधापासून पुस्तकापर्यंत तब्बल २८ वर्षे गेली होती. झटपट यशाचा दावा त्यात नव्हता. उलट उपचार किती लांबतात, रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची किती कसोटी लागते, याची पूर्ण जाणीव त्यात होती.

प्रयोगशाळा, शाळा आणि संसद

१८७८ मध्ये सॉरबॉन विद्यापीठातील नेत्रविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे संचालकपद जावाल यांच्याकडे आले आणि ते त्यांनी १९०० पर्यंत सांभाळले. नॉर्वेहून आलेले हियाल्मार श्यॉट्झ यांच्यासह त्यांनी १८८१ मध्ये बुबुळाचा बाक मोजणारे यंत्र तयार केले. डोळ्यापुढे दोन उजळ आकृत्या धरायच्या, बुबुळाच्या आरशासारख्या पृष्ठभागावर त्यांची जी प्रतिबिंबे पडतात ती जुळवायची आणि त्यावरून बाक मोजायचा, असे त्याचे तत्त्व होते. खाणकामाच्या शाळेत मिळालेली मोजमापाची शिस्त येथे कामी आली. जावाल-श्यॉट्झ यंत्र म्हणून ते जगभरच्या दवाखान्यांत पोहोचले. मोतीबिंदूनंतर बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवताना आज अधिक प्रगत यंत्रे वापरली जातात, पण बुबुळाचा बाक मोजण्याचा तो धागा कायम आहे.

याच प्रयोगशाळेत वाचनाविषयीचा एक जुना समज मोडला. वाचताना डोळा ओळीवरून अखंड सरकत जातो, असे तोवर गृहीत धरले जाई. जावाल आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, डोळा छोट्या छोट्या उड्या घेत जातो आणि दोन उड्यांच्या मधल्या थांब्यांत मजकूर टिपतो. या उडीसाठी वापरला गेलेला फ्रेंच शब्द 'सकाद' पुढे शास्त्रात रूढ झाला. छापील अक्षरांचा आकार, ओळींमधले अंतर, वर्गातला उजेड, मुलांची बसण्याची आणि लिहिण्याची ढब अशा अनेक गोष्टींकडे त्यांचे लक्ष होते. अंधाऱ्या वर्गात बारीक अक्षरांवर वाकून बसलेल्या मुलांच्या डोळ्यांचे काय होते, ही चिंता त्यांनी डॉक्टर म्हणून जितकी केली तितकीच नागरिक म्हणूनही केली.

१८८५ मध्ये त्यांना वैद्यक अकादमीचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी ते वडिलांप्रमाणे योन विभागातून संसदेवर निवडून गेले आणि १८८९ पर्यंत तेथे होते. सात किंवा अधिक मुले असलेल्या कुटुंबांना करसवलत देणारा १८८९ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

डॉक्टरच रुग्ण झाले

एवढे सारे चालू असताना स्वतः जावाल यांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला होता. हा आजार डोळ्यातली मज्जातंतूची दोरी हळूहळू सुकवतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यांचे गुरू फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये काचबिंदूवर शस्त्रक्रिया शोधली होती. मात्र ती साऱ्याच रुग्णांची दृष्टी वाचवू शकत नव्हती. १८८० च्या दशकात जावाल यांचा एक डोळा निकामी झाला. दुसऱ्या डोळ्याच्या आधारावर त्यांनी प्रयोगशाळा चालवली, पुस्तके लिहिली, इतरांचे डोळे तपासले. ज्याने आयुष्यभर दोन डोळ्यांच्या एकत्र दृष्टीचे महत्त्व सांगितले, त्याला अनेक वर्षे एका डोळ्यावर काढावी लागली. १९०० मध्ये तोही गेला. वयाच्या साठीनंतर जावाल पूर्ण अंध झाले.

आपल्याला काय होणार हे या रुग्णाला इतर कोणाहीपेक्षा अधिक स्पष्टपणे कळत होते. तरीही अंधत्व आल्यावर ते घरात बसले नाहीत. आपण ज्या रुग्णांना दृष्टी देऊ शकलो नाही, त्यांच्यासाठी आपण काय केले, असा प्रश्न त्यांना पडला असावा, असे त्यांच्या पुढच्या कामावरून वाटते. १९०३ मध्ये त्यांनी नव्याने अंध झालेल्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात दुःखाचा पाढा नाही. जेवताना काय करावे, चालावे कसे, पत्र कसे लिहावे, व्यायाम कसा चालू ठेवावा, ब्रेल शिकण्याचा फायदा कोणाला, अशा रोजच्या अडचणींवरचे उपाय त्यात आहेत. अंध माणसाला ओळ न चुकवता लिहिता यावे म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक पाटी बनवून घेतली होती. डोळस जोडीदारासह चालवायच्या तीनचाकी सायकलीचा त्यांना मोठा आधार वाटे. १९०५ मध्ये हे पुस्तक इंग्रजीतही आले.

त्याच वर्षी वाचन आणि लेखन यांच्या शरीरक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याला एक अक्षरही दिसत नव्हते, त्याने डोळस जगासाठी वाचनशास्त्र लिहिले. एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेचेही ते पुरस्कर्ते झाले. परदेशांतील अंध व्यक्तींना तिच्याद्वारे परस्परांशी पत्रव्यवहार करता येईल, अशी त्यांना आशा होती. या भाषेचे जनक झामेनहोफ हेही व्यवसायाने नेत्रवैद्यच होते. २० जानेवारी १९०७ रोजी पॅरिस येथे एमिल जावाल यांचे निधन झाले.

काय उरले, काय बदलले

जावाल यांच्यानंतर तिरळेपणाचे शास्त्र बरेच पुढे गेले. इंग्लंडमधील क्लॉड वर्थ यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन चित्रे मिसळण्याच्या मेंदूच्या क्षमतेला केंद्रस्थानी आणले. मेरी मॅडॉक्स यांच्यापासून ऑर्थोप्टिस्ट हा नवा व्यवसाय उदयाला आला. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की, कोवळ्या वयात एक डोळा झाकला गेला तर मेंदूतला त्या डोळ्याचा हिस्सा दुसरा डोळा बळकावतो. या संशोधनाला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जावाल यांनी स्टिरिओस्कोपमधून जे ताडले होते, त्याला मेंदूच्या पेशींचा पुरावा मिळाला.

शस्त्रक्रियाही आता डीफेनबाख यांच्या काळची राहिलेली नाही. स्नायू तोडून सोडून देत नाहीत. तो मोजून मागे सरकवतात किंवा आखूड करून पुन्हा शिवतात. मुलांना पूर्ण भूल देऊन ती सुरक्षितपणे होते. त्यामुळे जावाल यांचा शस्त्रक्रियेला असलेला तीव्र विरोध आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. शिवाय केवळ व्यायामाने प्रत्येक तिरळेपणा बरा होतो, हेही खरे नाही. जवळचे पाहताना डोळे पुरेसे आत वळत नसतील, तर अशा काही तक्रारींत व्यायामाचा चांगला उपयोग सिद्ध झाला आहे. पण जन्मतः किंवा लहानपणी आलेल्या मोठ्या तिरळेपणाला चष्मा, पट्टी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो. चष्मा कायमचा घालवून देण्याच्या जाहिरातींवर विसंबून मुलाची महत्त्वाची वर्षे घालवणे धोक्याचे आहे.

पट्टीच्या बाबतीत मात्र पालकांना दिलासा देणारी माहिती पुढे आली आहे. अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधकांच्या गटाने २००३ मध्ये दाखवून दिले की, मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तास पट्टी बांधणे हे सहा तासांइतकेच परिणामकारक ठरते. त्याच गटाच्या २००५ च्या अभ्यासानुसार सात वर्षांनंतर आणि किशोरवयातही काही मुलांची दृष्टी उपचारांनी सुधारते. अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ सुझन बॅरी यांना लहानपणापासून तिरळेपणा होता. वयाच्या ४८ व्या वर्षी दृष्टीच्या प्रशिक्षणानंतर त्यांना प्रथमच खोलीची जाणीव झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा अनुभव लिहिला. अर्थात उशिरा यश मिळते ते काहींनाच. लवकर केलेल्या उपचारांची बरोबरी त्याला येत नाही.

तिरळेपणा दोन ते चार टक्के मुलांमध्ये आढळतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा डोळा अधूनमधून भरकटला तर घाबरण्याचे कारण नसते. नाकाचा पूल पसरट असल्यामुळेही काही बाळे तिरळी भासतात आणि वाढत्या वयाबरोबर तो भास नाहीसा होतो. पण खरा काय आणि भास काय, हे घरच्या घरी ठरवणे योग्य नाही. चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, एकदम वळू लागला असेल, मूल मान तिरकी करून किंवा एक डोळा मिटून पाहत असेल, तर तपासणी लांबवू नये. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही थांबू नये. जन्मजात मोतीबिंदू किंवा क्वचित डोळ्यातली कर्करोगाची गाठ यांची पहिली खूण तिरळेपणाच असू शकते.

महानगरातल्या पालकांना बालनेत्रतज्ज्ञ गाठणे फारसे अवघड नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर परिस्थिती वेगळी आहे. तेथे मुलाच्या डोळ्याकडे पहिली जाणती नजर जाते ती बहुधा अंगणवाडी सेविकेची किंवा शाळेतल्या बाईंची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. त्यात दृष्टीच्या तपासणीचाही समावेश आहे. कागदावरची ही तरतूद वाडीपर्यंत पोहोचणे आणि दोष आढळलेले मूल पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा मुंबईपर्यंत जाणे, यावर त्याची दृष्टी अवलंबून असते. मजुरी बुडवून एकदा जाता येते. पण पट्टी आणि चष्मा यांची तपासणी वारंवार करावी लागते आणि नेमके तेथेच अनेक कुटुंबांचे पाऊल अडते.

जावाल यांच्या बहिणीला घरातच डॉक्टर मिळाला, वेळ मिळाला आणि कित्येक वर्षे कंटाळा न करणारा भाऊ मिळाला. हे भाग्य साऱ्या मुलांच्या वाट्याला येत नाही. मात्र डोळा सरळ करण्याइतकेच त्या डोळ्याला पाहायला शिकवणे महत्त्वाचे आहे आणि त्या शिकवणीचे वय लवकर सरते, एवढी गोष्ट प्रत्येक घराला कळू शकते. पळसदरीच्या ओढ्यात दगडावरून दगडावर उडी मारणाऱ्या एखाद्या मुलाचा पाय वारंवार चुकत असेल, तर त्याला धांदरट म्हणण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यायला हवेत.